यीस्टच्या ट्रान्सकीटोलेजमध्ये थायमिन डायफॉस्फेट वाकडं का बसतं?

थोडक्यात सांगायचं तर, वाकल्याशिवाय ते कामच करू शकत नाही.

ट्रान्सकीटोलेज हे पेंटोज फॉस्फेट मार्गातलं, म्हणजे पेशीत साखरेचं रूपांतर करणाऱ्या अभिक्रियांच्या एका साखळीतलं एन्झाइम. एका साखरेचा दोन कार्बनांचा तुकडा उचलून दुसरीला जोडणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी त्याला जीवनसत्त्व ब-१ पासून बनलेलं थायमिन डायफॉस्फेट लागतं. १९९२ मध्ये लिंडक्विस्ट, श्नायडर आणि सहकाऱ्यांनी त्याची स्फटिक रचना २.५ अँगस्ट्रॉमपर्यंतच्या (जवळपास अणूंच्या पातळीच्या) बारकाव्याने सोडवली.

त्यात दिसतं की या कोफॅक्टरची (एन्झाइमच्या मदतनीस रेणूची) पिरिमिडीन आणि थायझोल ही दोन कडी इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली आहेत. एका अमिनो आम्लाची मोठी बाजूशाखा मधे पाचरीसारखी घुसून ती तशीच धरून ठेवते. त्यामुळे पिरिमिडीन कड्यावरचा अमिनो गट थायझोल कड्याच्या सी-२ कार्बनला अगदी खेटतो. खरी गंमत इथेच आहे! सी-२ वरचा प्रोटॉन निघाल्याशिवाय साखरेवर हल्ला होत नाही, हे रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेस्लोने १९५८ मध्येच मांडलं होतं. पण तो काढतो कोण? रचना पाहिल्यावर उत्तर समोर येतं: कोफॅक्टरचाच अमिनो गट. पिरिमिडीनच्या नायट्रोजनशी हायड्रोजन बंध करणारं ग्लूटामेट ४१८ (एन्झाइमच्या साखळीतलं ४१८ वं अमिनो आम्ल) त्याला त्यासाठी तयार करतं. हे ग्लूटामेट बदललं की एन्झाइम जवळजवळ निकामी होतं.

शिवाय डायफॉस्फेटचं टोक एका उपघटकात (एन्झाइमच्या एका प्रथिनसाखळीत) अन् पिरिमिडीन दुसऱ्यात बसतं. म्हणून सुटा उपघटक पुरत नाही, जोडीच लागते.