गेम खपतो, मग माणसे का काढली जातात?

प्रश्न : मोठ्या व्हिडिओ गेमच्या लाखो प्रती खपल्याची बातमी येते आणि पाठोपाठ स्टुडिओत कर्मचारीकपात झाल्याचेही वाचनात येते. पुरस्कार मिळवलेल्या गेमचा स्टुडिओसुद्धा बंद होतो, हे कसे? चूक कोणाची मानावी?
– एक वाचक

उत्तर : तुमचा रोख बहुधा टोकियोच्या टँगो गेमवर्क्सकडे असावा. त्यांचा ‘हाय-फाय रश’ जानेवारी २०२३मध्ये आला, ध्वनिरचनेचा पुरस्कारही त्याने मिळवला, आणि मे २०२४मध्ये मालक कंपनी मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ बंद करत असल्याचे जाहीर केले. (पुढे क्राफ्टन या कोरियन कंपनीने तो घेतला, हे त्याचे नशीब.)

खरे दुखणे खर्चाच्या रचनेत आहे, पण कंपन्या हे आकडे सहसा उघड करत नाहीत. जून २०२३मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात सोनीच्या कागदांवरील आकडे काळ्या मार्करने झाकले होते. ते स्कॅन होताच शाईखालचे आकडे वाचता येऊ लागले आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ या गेमसाठी ५ वर्षे, ३०० कर्मचारी आणि २१.२ कोटी डॉलर लागल्याचे जगाला कळले. साधा भागाकार केला तरी महिन्याला सरासरी ३५ लाख डॉलर होतात. त्यातला मोठा हिस्सा पगारांचा असल्यामुळे काम सहा महिने लांबले, तर खेळणाऱ्याला नवे काही न मिळताही दोन कोटी डॉलरहून अधिक भर पडू शकते. विक्रीची किंमत मात्र अमेरिकेत सुमारे १५ वर्षे ६० डॉलरच होती. २०२०पासून ती ७० होऊ लागली.

शिवाय कामाचा भार सारखा नसतो. कल्पना घडत असताना मोजकी माणसे पुरतात, शेवटच्या टप्प्यात शेकडो लागतात, आणि गेम बाजारात गेल्यावर पुढचा प्रकल्प तयार नसेल तर त्यांच्या हाताला काम उरत नाही. कोरोनाकाळात मागणी वाढली म्हणून भरती झाली, २०२२पासून व्याजदर चढले आणि भांडवल महागले. २०२४च्या पहिल्या दोन महिन्यांतच मायक्रोसॉफ्टने गेमिंग विभागातील १,९०० आणि सोनीने प्लेस्टेशनमधील सुमारे ९०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले.

चूक, माझ्या मते, एकाच गेमवर सारी भिस्त ठेवणाऱ्या आराखड्यांना मंजुरी देणाऱ्यांची आहे. सोनीचा ‘काँकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला, ६ सप्टेंबरला मागे घेतला गेला आणि ऑक्टोबरमध्ये तो बनवणारा फायरवॉक स्टुडिओ बंद झाल्याचे जाहीर झाले. वर्षानुवर्षे राबलेल्यांना दुसरी संधीच मिळाली नाही.