गाडी कमी चालते, मग गिअर ऑइल कधी बदलायचं?

प्रश्न: माझा फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप ट्रक सहा वर्षांत जेमतेम 20,000 किलोमीटर चालला. गिअरबॉक्स (मॅन्युअल), ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) यांचं तेल किलोमीटर पाहून बदलू की वर्षं?

उत्तर: पुस्तिकेत दोन्ही आकडे असतील तर जो आधी भरेल तो धरा. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळणाच्या काजळीने खराब होत नाही. तुमच्या वापरात त्याचा खरा शत्रू पाणी. तापलेला डिफरन्शिअल थंड होताना ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या छोट्या वाटेतून) दमट हवा ओढतो, आणि छोट्या फेऱ्यांत तेल पुरेसं तापत नसल्याने ती ओल आतच राहते.

तरीही आधी तपासा. फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) सुटतो याची खात्री करूनच ड्रेन प्लग (तेल काढायचं खालचं बूच) खोला, नाहीतर तेल बाहेर आणि भरायला वाट नाही! तेल दुधाळ असेल तर लगेच बदला, ब्रीदर आणि सील पाहा. प्लगच्या चुंबकावरचा बारीक काळा लगदा चालतो, धातूच्या कपच्या नाहीत. गाडी सपाट जागी ठेवून फिलरच्या खालच्या काठापर्यंत तेल भरा.

पहिलं तेल अजून तसंच असेल तर आमच्या मते एकदा बदलाच; नव्या गिअरांची झीज त्यात उतरलेली असते. गिअरबॉक्सला जीएल-4 (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितलं असेल तर जीएल-5 घालू नका. त्यातली काही तेलं पितळी सिंक्रोनायझर (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खातात.