मंत्री 'खुलासा' करतात, म्हणजे नेमके काय करतात?

खानापूरच्या एका वाचकाने विचारले आहे: "अधिवेशनाच्या बातम्यांत 'मंत्र्यांनी सभागृहात खुलासा केला' असे वाक्य हमखास येते. त्यांनी गुपित उघड केले असे समजायचे, की शंका दूर केली असे? आणि खुलासा करायचा, द्यायचा की मागायचा? आमच्या घरी कन्नड वर्तमानपत्रही येते आणि त्यात 'खुलासे' म्हणजे आरोपीची निर्दोष सुटका असते, त्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो."

वाचकाचा यात काही दोष नाही. दर डिसेंबरात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले, की आमच्या बेळगाव भागात मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही बातम्या एकाच घरात ऐकल्या जातात, आणि या तिघींत 'खुलासा' हा शब्द तीन वेगवेगळे अर्थ घेऊन हिंडतो. संताप येतो तो मराठी वाहिन्यांचा. हिंदीतला 'बडा खुलासा' उचलून त्यांनी त्याचा 'मोठा खुलासा' केला आणि तो आता परराष्ट्रमंत्र्यांच्या प्रत्येक लेखी उत्तराला चिकटवला जातो. परदेशांतील तुरुंगांत किती भारतीय आहेत, या अतारांकित प्रश्नाला दिलेले उत्तर त्याच दिवशी सभागृहाच्या पटलावर ठेवलेले असते आणि कोणालाही वाचता येते. त्यात फोडण्यासारखे गुपित कोणते? दडलेले उघड करण्यासाठी मराठीत गौप्यस्फोट आहे, पर्दाफाश आहे, भांडाफोड आहे, बिंग फोडणे आहे. एवढी सामग्री घरात असताना उसनवारी कशासाठी?

शंकानिरसन किंवा स्पष्टीकरण हा नेहमीचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, त्यावर शाई खर्च करत नाही. खरी गंमत शब्दाच्या कुळात आहे. 'खुलासा' हा 'खुलणे' या क्रियापदापासून आला, असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात आणि काही भाषाविषयक सदरांतही ते छापून आलेले आहे. या मंडळींना माझा एकच प्रश्न आहे: 'खुल' तुमचे, मग मागचा 'सा' कोणाचा? त्यावर 'दिलासा'चे उदाहरण पुढे केले जाते, परंतु दिलासा हा फारसी 'दिल' आणि 'आसा' यांचा समास असून तेथे 'सा' नावाचा कोणताही प्रत्यय नाही. नाद जुळला म्हणून नाते जुळत नाही. फार तर एवढे मान्य करीन, की 'खुला' आणि 'खुलणे' शेजारी नांदत असल्यामुळे हिंदीभाषकांना 'खुलासा'त उघडण्याचा भास झाला आणि तेथूनच त्याला 'उघडकीस आणणे' हा अर्थ चिकटला.

शब्द अरबी आहे. ख-ल-स हा त्याचा धातू असून शुद्ध असणे, निवळणे, मोकळे होणे हे त्याचे अर्थ आहेत. निवळून हाती उरलेला अर्क तो 'खुलासा', म्हणून फारसीत आणि उर्दूत त्याचा अर्थ सार किंवा गोषवारा. औरंगजेबाच्या काळात सुजानराय यांनी लिहिलेल्या इतिहासाचे नाव 'खुलासत-उत-तवारीख' आहे, म्हणजे इतिहासांचे सार. त्यात कोणाचे बिंग फोडलेले नाही. साराकडून आशयाकडे, आशयाकडून स्पष्टतेकडे आणि स्पष्टतेकडून स्पष्टीकरणाकडे, अशी मराठीने पुढची वाट धरली. कन्नडने त्याच धातूतला मोकळे होण्याचा अर्थ उचलला, म्हणून तेथे आरोपी 'खुलासे' होतो. वाचकाच्या घरातील दोन वर्तमानपत्रे अशा रीतीने एकाच धातूची दोन टोके धरून बसली आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

याच घरातला दुसरा भाऊ 'खलास'. अरबीत तो सुटका, मराठीत तो शेवट. तिसरा 'खालसा': ज्यात दुसऱ्या कोणाचा वाटा मिसळलेला नाही आणि ज्याचा वसूल थेट सरकारात जमा होतो, ती जमीन खालसा. त्यावरून संस्थान खालसा करणे आले. त्याचा अर्थ बेळगाव जिल्ह्याला कोशातून शिकण्याची गरज नाही, कारण राणी चन्नम्मांच्या दत्तकाला कंपनी सरकारने मान्यता नाकारली आणि कित्तूर गिळण्याचा घाट घातला तो 1824 मध्ये, म्हणजे सातारा खालसा होण्याच्या चोवीस वर्षे आधी. दत्तक नाकारून राज्य घेण्याचे सारे श्रेय डलहौसीच्या पदरात घालणाऱ्यांनी कित्तूरचा किल्ला एकदा पाहून यावा.

चौथा भाऊ 'खलाशी', आणि तो माझा विशेष लाडका आहे. 'खलास' म्हणजे सुटका, म्हणून खलाशी म्हणजे सुटका झालेला गुलाम, अशी एक उपपत्ती सांगतात. मला ती पटत नाही. तंबू ठोकणारे आणि उतरवणारे, तोफांच्या आणि गलबतांच्या दोरखंडांवर काम करणारे, पुढे रेल्वेत अवजड सामान हलवणारे, असे सर्व जण खलाशी म्हणवले गेले. या सर्वांच्या कामात समान धागा आहे तो बांधण्याचा आणि सोडण्याचा. म्हणून खलाशी म्हणजे दोर मोकळा करणारा, असे माझे मत आहे. गुलामगिरीची उपपत्ती मांडणाऱ्यांनी तंबूवाल्या खलाशांचा हिशेब अजून दिलेला नाही. तो देईपर्यंत मी माझे मत सोडणार नाही.

शुद्धीवादी मंडळी येथे म्हणतील, की शब्द फारसीतून आलेला आहे तर टाकून द्या आणि 'स्पष्टीकरण' वापरा. 'महापौर' रुजला आणि आम्ही बेळगावकर तो आनंदाने वापरतो, हे खरे. परंतु स्पष्टीकरण कोणीही, कशाचेही, आपणहून देऊ शकतो. खुलाशामागे मागणारा उभा असतो. कचेरीत कर्मचारी उशिरा आला तर साहेब त्याच्याकडून खुलासा मागवतात. कर्मचारी साहेबांकडून मागवत नाही. विधिमंडळात ही उतरंड उलटी होते. राज्यघटनेच्या 75 व्या अनुच्छेदाने केंद्रातले मंत्रिमंडळ लोकसभेला आणि 164 व्या अनुच्छेदाने राज्यातले मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार केले आहे, त्यामुळे खुलासा मागणारा साधा सदस्य असतो आणि करणारा मंत्री. ('जबाबदार' याचा फोडून अर्थ पाहावा: जबाब बाळगणारा. 'जाब विचारणे' मधला 'जाब' हा त्याच जबाबाचा झिजलेला अवतार.) तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नावर उपप्रश्न विचारता येतात ते यासाठीच. प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याकडे 1892 च्या कायद्याने मिळाला होता, परंतु उपप्रश्नाची मुभा 1909 नंतरची. मधली वर्षे मंत्र्याच्या जागी बसलेला गोरा अधिकारी छापील उत्तर वाचून मोकळा होत असे.

'मोठा खुलासा' म्हटल्याने नेमके हेच पुसले जाते, कारण जाब देणारा माणूस बातमी देणारा ठरतो. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशाचे प्रकरण खासदार फिरोज गांधी यांनी 1957 मध्ये लोकसभेत लावून धरले आणि अखेर 1958 च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. तेथे पर्दाफाश सदस्याने केला, खुलासा मंत्र्याला करावा लागला. दोघांच्या कृतीला आपण एकच शब्द वापरला, तर कोण कोणाला धारेवर धरत होते, हे वाचकाला कसे कळावे? अक्साई चिनमधून चीनने रस्ता काढला आहे, हे नेहरूंनी 1959 च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत सांगितले, तेव्हा मात्र उत्तर हीच बातमी होती, अशी शंका कोणी काढील. तेथेही मराठीत 'कबुली दिली' हा चोख प्रयोग उपलब्ध आहे आणि तो अधिक खराही आहे.

आता मूळ प्रश्न, जो मघापासून दारात ताटकळत आहे. सदस्य खुलासा मागतो, मंत्री खुलासा करतो. लेखी असेल तर 'खुलासा सादर केला' म्हणावे. 'खुलासा दिला' हे 'स्पष्टीकरण दिले'च्या नादाने होते, ऐकवते, पण टाळावे. खानापूर तालुक्यातल्या कळसा-भंडुरा कालव्यांचे काम म्हादई नदीच्या पाणीतंट्यावरील लवादाच्या 2018 च्या निवाड्यानंतर कोठवर आले, असे विचारल्यावर जलसंपदामंत्री जे सांगतात तो खुलासा. तो अपुरा असला तर 'खुलासा समाधानकारक नाही' असे लिहावे. आणि कन्नड पानावर मंत्र्याच्या नावापुढे 'खुलासे' दिसले, तर ती बातमी सभागृहातली नसून न्यायालयातली आहे, असे खुशाल समजावे.