सुदानमध्ये लोक उपाशी मरतायत, मग जग नेमकं करतंय काय?

तुम्ही विचारलंय की युनो नुसते ठराव करत बसते का, आणि आपल्यासारख्यांनी यात काय करावं. मी बडोद्याचा, फतेगंजला राहतो, युनिव्हर्सिटीमुळे आमच्याकडे परदेशी मुलं बरीच असतात आणि आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर सुदानची दोन मुलं भाड्याने आहेत, म्हणून हा विषय माझ्यासाठी टीव्हीवरचा राहिलेला नाही.

माझं मत सरळ सांगतो. अशा युद्धात बाहेरच्यांनी दोन कामं केली तर माणसं वाचतात, मदतीचा रस्ता उघडणं आणि शस्त्रं अडवणं. पहिलं उशिरा झालं, तेही अर्धवट, आणि दुसरं आजवर धड झालेलंच नाही.

युद्ध एप्रिल 2023 मध्ये सुरू झालं, एका बाजूला लष्करप्रमुख बुरहानचं सरकारी लष्कर, दुसरीकडे हेमेदतीची आरएसएफ, म्हणजे रॅपिड सपोर्ट फोर्सेस नावाचं निमलष्करी दल. दोघांवरही अत्याचाराचे आरोप आहेत, पण दारफुरमध्ये, म्हणजे सुदानच्या पश्चिम भागात, मसालीत जमातीच्या लोकांना वेचून मारलं ते आरएसएफ आणि त्यांच्या टोळ्यांनी.

आता रस्त्याचं बघा. शेजारच्या चाड देशाच्या सीमेवर आद्रे म्हणून गाव आहे, तिथून दारफुरमध्ये धान्य न्यायला सगळ्यात सोयीचं. सुदान सरकारने, म्हणजे बुरहानच्या बाजूने, फेब्रुवारी 2024 मध्ये तो रस्ता बंद केला, म्हणे इथूनच आरएसएफला शस्त्रं जातात. मग ट्रक उत्तरेच्या टिने नावाच्या नाक्यावरून न्यायचे, आणि पावसाळा लागला की तिकडचे कोरडे ओढे भरून वाहतात, ट्रक जागच्या जागी अडकतात. 1 ऑगस्ट 2024 ला दारफुरमधल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी आद्रे उघडलं, तेसुद्धा तीन महिन्यांच्या बोलीवर, नंतर मुदत वाढवत नेली. म्हणजे माणसं मरायला लागल्यावर सही झाली. दबाव आणला तर रस्ता उघडतो हे त्यात दिसलं, आणि हाच दबाव फेब्रुवारीत का नाही आणला याचा मला आजही संताप येतो.

आरएसएफने वेढलेल्या अल फाशेरचं, दारफुरमधल्या मोठ्या शहराचं, तर विचारूच नका. वेढा उठवा असा ठराव सुरक्षा परिषदेने जून 2024 मध्ये केला, 14 मतं बाजूने, रशिया तटस्थ. वेढा उठला नाही. नोव्हेंबरमध्ये शस्त्रसंधीचा आणि नागरिकांच्या संरक्षणाचा मसुदा आला तो रशियाने व्हेटो केला. 2025 मध्ये आरएसएफने शहराभोवती मातीचे बांध घातले, सॅटेलाइट फोटोत सगळं जग ते बघत होतं, आत लोक अंबाझ खात होते, अंबाझ म्हणजे शेंगदाण्याची पेंड, गुरांना घालतात ती. जूनमध्ये तिकडे निघालेल्या युनोच्या ताफ्यावर हल्ला झाला, पाच जण गेले. 26 ऑक्टोबरला शहर पडलं आणि एकट्या सौदी हॉस्पिटलमध्ये 460 च्या वर माणसं मारल्याचं डब्ल्यूएचओने सांगितलं.

मग लोक जगतायत कशावर? मोहल्ल्यातल्या पोरापोरींनी चालवलेल्या किचनवर. इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम म्हणतात त्यांना, मोठ्या पातेल्यात मसूर नाहीतर फूल, म्हणजे तिकडची बाकल्याच्या दाण्यांची उसळ, शिजवायचं आणि घरोघरच्या डब्यात वाढायचं. वरच्या मजल्यावरच्या एका मुलाची मावशी राजधानी खार्टूमला लागून असलेल्या ओमदुरमानला असंच किचन चालवते. तो इथून बँकक नावाच्या अॅपवर पैसे टाकतो, तिकडे नेट नसतं म्हणून मावशी स्टारलिंक, म्हणजे सॅटेलाइटचं नेट, असलेल्या दुकानात तासाच्या हिशोबाने पैसे मोजून बसते, पैसे आल्याचं दिसलं की लगेच डाळवाल्याला ट्रान्सफर. ते होईपर्यंत हा गॅलरीत फोन धरून उभा असतो, जेवायला बोलावलं तरी येत नाही. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा अशी शेकडो किचन बंद पडली. युनोने त्या वर्षासाठी 4 अब्ज डॉलरच्या वर मागितले होते, निम्मेही आले नाहीत.

कोर्टाचं म्हणाल तर ऑक्टोबर 2025 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने दारफुरमधल्या जंजावीद टोळ्यांचा म्होरक्या अली कुशैबला दोषी ठरवलं, पण गुन्हे 2003-04 चे. वीस वर्षांनी का होईना निकाल लागला याचं महत्त्व आहे, मी ते कमी लेखत नाही, आजचे पुरावे जपून ठेवायचे ते याचसाठी. पण उद्याच्या जेवणाला त्याचा उपयोग नाही.

आणि शस्त्रं. युनोची बंदी 2004 पासून आहे पण फक्त दारफुरपुरती, बाकी देशात माल उतरवायला मोकळीक. यूएईवर आरएसएफला शस्त्रं पुरवल्याचा आरोप युनोच्याच तज्ज्ञांनी विश्वासार्ह म्हटला, यूएई नाकारते, आणि सुदानने केलेली केस जागतिक न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून मे 2025 मध्ये काढून टाकली.

आपण काय करावं? पैसे द्यायचे तर ते या किचनपर्यंत पोचतायत का हे विचारून द्या, इथल्या सुदानी मुलांना विचारा, ती नीट सांगतात. भारताने 2023 मध्ये ऑपरेशन कावेरीत आपली साडेतीन हजारांच्या वर माणसं सुखरूप आणली, तर आता तिथेच राहिलेल्यांसाठीही बोलावं, तुमच्या खासदाराला तसं लिहा. आणि ही शस्त्रबंदी दर सप्टेंबरात नव्याने वाढवावी लागते, तेव्हा ती सगळ्या सुदानला लागू होते की परत दारफुरपुरतीच राहते, एवढं नक्की बघा.