मैत्रिणीला काय विचारावे आणि किती?

प्रश्न : माझे वय चाळीस आहे. लग्नानंतर मी रत्नागिरीहून कोल्हापुरात आले आणि शिवाजी पेठेत राहते. मुलांच्या शाळेमुळे ओळख झालेली एक मैत्रीण आणि मी गेली काही वर्षे सकाळी रंकाळ्यावर फिरायला जातो. मुलांचे क्लास, सासूबाईंचे गुडघे, भिशी असे बोलणे भरपूर होते. मध्यंतरी तिची आई वारली. भेटायला गेले तेव्हा कळले की त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. मला हेही माहीत नव्हते, याचे फार वाईट वाटले. मोबाइलवर मला मैत्रिणीला विचारायच्या ३६ प्रश्नांची एक यादी मिळाली आहे. ती वापरावी का? एकदा तिच्या वडिलांविषयी विचारले, तर तिने विषय बदलला. मला तिला खरोखर ओळखायचे आहे, पण चौकशी केल्यासारखे वाटायला नको.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुम्हाला वाईट वाटले ते योग्यच आहे, परंतु सगळा दोष स्वतःकडे घेऊ नका. आपल्याकडे प्रश्नांची वाण कधीच नव्हती. नवी सून गल्लीत आली की गाव कोणते, आडनाव काय, पाहुणे कुठले, मिस्टर काय करतात, हे सारे पहिल्या चहाच्या आत विचारून होते. या प्रश्नांमुळे तिची जात, घराणे आणि मिळकत कळते, पण ती स्वतः कोण आहे हे विचारायचे राहूनच जाते. पुढेही तिला जे विचारले जाते ते नवऱ्याविषयी, मुलांविषयी आणि सासरविषयी. तुम्हा दोघींच्या गप्पा याच सवयीने चालत आल्या आहेत.

तुम्हाला मिळालेली यादी बहुधा आर्थर ॲरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातली असावी. त्यात अनोळखी माणसांच्या जोड्या करून त्यांना सुमारे पाऊण तासात ते प्रश्न एकमेकांना विचारायला सांगितले होते. प्रश्नांचे तीन गट होते, सुरुवातीचे हलके आणि शेवटचे अगदी आतले, आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोघांनीही द्यायचे होते. नुसत्या वरवरच्या गप्पांचे विषय मिळालेल्या जोड्यांपेक्षा या जोड्यांना परस्परांविषयी अधिक जवळीक वाटली. मोबाइलवर फिरताना मात्र प्रश्न तेवढे उरतात आणि हळूहळू आत जाण्याचा क्रम व दोघांनी बोलण्याची अट मागे पडते. माझ्या मते सगळे बळ त्या दोन गोष्टींत आहे. त्यामुळे यादी वाचून पाहायला हरकत नाही, पण रंकाळ्यावर मोबाइल हातात धरून एकेक प्रश्न विचारू नका. तिला ती मुलाखत वाटेल.

तुमच्या हाती यादीपेक्षा चांगला धागा आधीच आहे. तिच्या आई शिक्षिका होत्या. जिल्हा परिषदेची नोकरी म्हणजे बदल्या आल्या. आज गगनबावड्याकडच्या वाडीवर, तर काही वर्षांनी चंदगड किंवा राधानगरी तालुक्यात, अशी बिऱ्हाडे हलत असतील, तर तिचे बालपणही त्यांच्यासोबत हलले असेल. "आई कोणकोणत्या गावी शाळेवर होत्या?" एवढे साधे विचारा. ती एखाद्या गावाचे नाव घेईल, तेव्हा लगेच आपल्या रत्नागिरीवर येऊ नका. आई शाळेत असताना तू कुणाकडे राहायचीस, की आईच्याच वर्गात बसायचीस, वर्गात तिला आई म्हणायचीस की बाई, असे तिच्याच बोलण्यातून पुढचे विचारत जा. कॅरन हुआंग आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या संशोधनातही असेच आढळले की, बोलणाऱ्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसे समोरच्याला अधिक आवडतात.

दुःख ताजे असताना आईचा विषय काढावा का, असा संकोच तुम्हाला वाटेल. तेराव्यानंतर लोक गेलेल्या माणसाचे नाव घेणेही टाळतात आणि घरातली लेक ते नाव कुणीतरी काढावे म्हणून वाट पाहत राहते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. तिचे डोळे भरून आले तरी घाबरून विषय बदलू नका, थोडे थांबा. फिरताना बोलण्याची मोठी सोय अशी की दोघींची नजर समोर असते. उत्तर द्यायचे नसेल तर संध्यामठाकडे पाहत दहा पावले गप्प चालता येते आणि कुणालाच अवघडल्यासारखे होत नाही.

दुसरा धागा कोल्हापूरकरांना सहज सापडणारा आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराविषयी आपण एकमेकांना पाणी कुठवर आले होते एवढेच विचारतो. त्याऐवजी, त्या दिवसांत तुला सर्वांत जास्त काळजी कुणाची वाटत होती, असे विचारून पाहा. तिच्या घरात पाणी आले नसले तरी या प्रश्नाला उत्तर असेल. कॉलेजात कोणता विषय घेतला होतास आणि तो स्वतःच्या मनाने घेतलास का, हेही विचारण्यासारखे आहे. यातले प्रत्येक उत्तर तुम्हीही द्यायचे आहे, आणि ते गुळगुळीत नको. लग्न होऊन या शहरात आलात तेव्हा पहिले काही महिने तुम्हाला कसे गेले, हे तुम्ही तिला कधी सांगितले आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. सुरुवात तिथूनच करा.

वडिलांचा विषय तिने बदलला, त्याअर्थी तिने उत्तर दिले आहे. तो प्रश्न पुन्हा विचारू नका, आडवळणाने, मुलांकडून किंवा दुसऱ्या मैत्रिणीकडूनही काढून घेऊ नका, आणि "मी चुकून विचारले" अशी लांबण लावून तिला पुन्हा त्याच जागी उभे करू नका. कधी तिला वाटले तर ती आपणहून बोलेल, आणि न बोलली तरी तुमची मैत्री त्यामुळे उणी ठरत नाही.

आणखी एक सांगते. तुमच्या पत्रात भिशीचा उल्लेख आहे. दोघी एकाच भिशीत असाल तर तिने रंकाळ्यावर सांगितलेले तिथे निघता कामा नये, कौतुकाच्या सुरातही नाही. घरी मिस्टरांना सांगायचे असेल, तर आधी तिला विचारा.