पणजीत घर कुठे घ्यावं? आधी पाणी बघा

प्रश्न : नमस्कार. आम्ही सध्या ताळगावला भाड्याने राहतो. मी बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) नर्स आहे, शिफ्ट ड्युटी, स्कूटरनेच जाते-येते. ह्यांचं ऑफिस पणजीत पाटोला. मुलगा सातवीत, पणजीच्या शाळेत. सासूबाई आमच्यासोबत असतात, त्यांचे गुडघे दुखतात. टू बीएचके घ्यायचाय. बघून ठेवलेत ते असे : पर्वरीत सुकूरच्या बाजूला नवीन आणि सगळ्यात मोठा फ्लॅट, मेरशीला तळमजल्यावरचा स्वस्तातला, मळ्यात जुन्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावरचा (लिफ्ट नाही), आणि सांताक्रूझला बांबोळीच्या चढाकडे एक लहानसा, तिसरा मजला, लिफ्ट आहे. ह्यांचं म्हणणं पर्वरी, सासूबाईंचं मळा, कारण मारुतीचं देऊळ जवळ. कुठला एरिया घ्यावा? (एक वाचक, ताळगाव)

उत्तर : नमस्कार ताई. तुम्ही मजले लिहिलेत, शाळा लिहिली, देऊळसुद्धा लिहिलंत, पण चारही ठिकाणी पाण्याचं काय ते कुठेच लिहिलं नाही, आणि पणजीच्या आसपास घर घेताना माझ्या मते पहिला प्रश्न तोच. नळाला पाणी कुठून येतं, पावसाचं कुठे जातं, संडासाचं कुठे जातं. एवढं कळलं की अर्धे एरिया आपोआप गळतात.

कारण जागाच तशी आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला जुवारी, मध्ये थोडी पठारं आणि बाकी सगळा सखल भाग, जिथे पूर्वी खाजनं (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन) होती, भातशेती होती, मिठागरं होती. रायबंदरचा तो लांब सरळ रस्ता पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये पाण्यातून बांध घालूनच काढला, आजही त्याच्या बाजूने जाताना लक्षात येतं की जमीन आणि पाणी यांत किती थोडा फरक आहे. मानशी, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, उघडझाप करून लोक भरतीचं पाणी सांभाळायचे. आता त्यातल्या बऱ्याच जागांवर भराव पडून बिल्डिंगी झाल्यात पण पाणी काही आपली जुनी वाट विसरत नाही. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की गटारातलं पाणी नदीत जाऊच शकत नाही, ते मागे फिरतं, पणजीत '१८ जून' नावाच्या रस्त्यावर नि मळ्यात तुंबतं ते म्हणूनच.

आता तुमचे चार फ्लॅट.

मेरशीचा तळमजला स्वस्त का आहे ते तिथे जाऊनच बघा. जाहिरातीचे फोटो डिसेंबरातले असतात, तुम्ही जुलैत जा, आणि जमलं तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला, भरतीची वेळ बघून जा. फ्लॅटमध्ये शिरायच्या आधी कंपाउंडची भिंत बाहेरून बघा, पाणी भरून गेलेलं असेल तर एक मळकट आडवी रेघ राहते, वरून रंग मारलेला असला तरी खालचा पोपडा फुगलेला दिसतो. मग पार्किंगमधले खांब बघा, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत पांढरी पूड धरली असेल तर ओल खालून वर चढतेय. लिफ्ट असेल तर वॉचमनला विचारा की पावसात लिफ्टच्या खड्ड्यात पाणी येतं का, पंप लावावा लागतो का. वॉचमन बहुधा खरं सांगतो, त्याचं विकण्यात काही अडकलेलं नसतं. समोरच्या किराणावाल्यालाही विचारा, तो आपली सामानाची पोती जमिनीवर ठेवतो की फळीवर ते नुसतं बघितलं तरी कळेल. सगळी मेरशी वाईट असं मी मुळीच म्हणत नाहीये, उंचावरच्या वाड्यांत लोक सुखाने राहतात, पण सखल जागेत तळमजला आणि घरात गुडघेदुखीचं माणूस, ओल धरलेल्या घरात सांधे किती धरतात ते तुम्हाला मी काय सांगायचं.

मळ्याबद्दल सासूबाईंचं मन मला समजतं. पायी बाजार, पायी देऊळ, आल्तिनोच्या पायथ्याची सावली, ओळखीची माणसं, संध्याकाळी दारात उभं राहिलं तर चार जण बोलून जातात. शहराचा सगळ्यात राहता भाग तो. पण दुसरा मजला आणि लिफ्ट नाही. आज त्या कठडा धरून चढतील, अजून पाच वर्षांनी घरातच अडकतील आणि ते देऊळ खिडकीतून बघायची वेळ येईल. शिवाय पावसात खाली रस्त्यावर पाणी असताना रात्री डॉक्टरकडे न्यायचं झालं तर? जुन्या बिल्डिंगीत पार्किंग नसतं हा तर वेगळाच विषय. एक गोष्ट मात्र या भागाच्या बाजूने नक्की सांगेन, पणजी शहरात सिवरेजची लाइन आहे, सगळं टोंकच्या सांडपाणी प्रक्रियेच्या प्लांटला जातं. पंचायतीच्या हद्दीत गेलात की बहुतेक ठिकाणी सेप्टिक टँक आणि सोकपिट (सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा), आणि जिथे जमिनीखालचं पाणी वर आलेलं असतं तिथे जुलै-ऑगस्टमध्ये सोकपिट काही शोषतच नाही, मग उपसायला टँकर बोलवा, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये, आणि वास सगळ्यांना. सोसायटीच्या नोटिसबोर्डावर टँकरवाल्यांचे किती नंबर लावलेत ते बघत चला, पाण्याचे आणि उपशाचे दोन्ही.

पर्वरीचा फ्लॅट मोठा आहे, नवा आहे, उंचावर आहे त्यामुळे तुंबायची भीती कमी. मिस्टरांना तो का आवडला ते दिसतंय, पाटो त्यांना एका पुलावर. पण तुमचं काय? जानेवारी २०१९ मध्ये मांडवीवरचा नवा पूल, अटल सेतू, सुरू झाला तेव्हा सगळे म्हणाले आता पर्वरी-बांबोळी सरळ झालं, झालंही, पण चारचाकीवाल्यांसाठी, त्याच्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे तुम्ही स्कूटरवर जुन्या पुलावरून खाली येणार, मेरशीचा सर्कल पार करणार आणि मग बांबोळीचा चढ, तेसुद्धा नाइट ड्युटी संपवून डोळ्यांवर झोप असताना किंवा पावसात रात्री. त्यात पर्वरीत महामार्गावर उड्डाणपुलाच्या कामाने लोकांचे काय हाल झालेत ते तुम्ही बघितलंच असेल. आणि पुन्हा पाणी. तिसवाडीला, म्हणजे पणजीकडच्या तालुक्याला, पाणी येतं ते खांडेपारच्या ओपाहून, बार्देशला, म्हणजे पर्वरीच्या तालुक्याला, मुख्यतः अस्नोड्याहून, आणि पर्वरी-सुकूरच्या पठारावर उन्हाळ्यात नळाची काय परिस्थिती असते ते तिथे राहणाऱ्या तुमच्याच कुणी सिस्टरला विचारा, एप्रिल-मेमध्ये किती टँकर मागवले ते नेमकं विचारा. ओपावालेही काही फार निर्धास्त नाहीत म्हणा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाइपलाइन फुटली तेव्हा ऐन पावसाळ्यात तिसवाडी आणि फोंड्याचे लोक कित्येक दिवस कोरडे होते. म्हणून फ्लॅट कुठेही घ्या, खालची टाकी किती लिटरची आणि किती कुटुंबांत, हा हिशेब बिल्डरकडून लिहून घ्या. विहीर असेल तर पाणी तपासून घ्या, सेप्टिक टँक तिच्यापासून किती लांब आहे तेही बघा.

तर माझं मत सांताक्रूझच्या बाजूने आहे. लहान आहे हे खरं, मुलगा दहावीत गेला की अभ्यासाची खोली म्हणून हॉलचा कोपरा काढावा लागेल. पण तुम्ही ड्युटी संपल्यावर थोड्या वेळात घरी पोचता, ह्यांना पाटो लांब नाही, मुलाची शाळा बदलत नाही, लिफ्ट आहे, आणि चढाकडे असल्यामुळे पाणी तुमच्याकडून खाली जातं, तुमच्याकडे येत नाही. शिफ्ट ड्युटीच्या बाईने घर आपल्या कामाच्या जवळच घ्यावं या मताचा मी आहे, आपल्याकडे घर ठरवताना पुरुषाच्या ऑफिसचं अंतर मोजतात आणि बाईचं तिने जमवून घ्यायचं असतं, ते मला पटत नाही. मारुतीला शनिवारी स्कूटरवरून घेऊन जा सासूबाईंना.

फक्त चढावरच्या बिल्डिंगीचं एक बघा. डोंगर कापून जागा केली असेल तर मागची भिंत कशी आहे, तिला पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलीत का, आणि पावसात त्या भोकांतून पाणी खरंच येतं का. भोकं कोरडी आणि भिंत ओली असेल तर घेऊ नका. आणि बेडरूम नैर्ऋत्येला असेल तर त्या भिंतीला आतून हात लावून बघा, झड सगळी त्याच बाजूने येते, कपाट असेल तर सरकवून मागे बघायला लाजू नका.

कागदांचं थोडक्यात. नवा फ्लॅट असेल तर रेरा नंबर (प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा) आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा दाखला), ते हातात असल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, आणि लक्षात ठेवा, ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर रेरा कायद्याने बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, त्यामुळे पहिल्या पावसात गळलं तर लगेच लेखी कळवा, फोनवर नको. रिसेल असेल तर विकणाऱ्याच्या बायकोची किंवा नवऱ्याचीही सही लागते. आपल्याकडच्या सिव्हिल कोडमध्ये लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची मिळून असते, मुंबई-पुण्याचे वकील हे कधीकधी विसरतात म्हणून वकील इथलाच करा. आणि वारसांकडून घेत असाल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, पूर्ण झालीय का ते आधी बघा. एक भाऊ बाहेरगावी आहे, तो नंतर सही करेल, असं कुणी म्हणालं तर तो येईपर्यंत थांबा.

प्रश्न : आम्ही मूळचे डिचोलीचे पण नोकरीमुळे पुण्यात. आठ-दहा वर्षांनी रिटायर होऊन गोव्यात यायचंय. दोनापावलाला सी-व्ह्यू फ्लॅट मिळतोय, तोवर बंद ठेवू, सुट्टीत येऊ. घ्यावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : समुद्र दिसतो तिथे समुद्राचा वारा पण लागतो, आणि तो खारा असतो. ग्रिल, बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट, सगळं गंजतं, आणि त्याहून वाईट म्हणजे प्लास्टरला बारीक चिरा असतील तर आतल्या सळ्या गंजून फुगतात आणि स्लॅबचे तुकडे सुटायला लागतात. राहतं घर असलं की माणूस वेळच्या वेळी रंग मारतो, चीर भरतो. बंद घराकडे कोण बघणार? पावसाळ्याचे चार महिने दारं-खिडक्या बंद राहिल्या की गाद्या, कपडे, पुस्तकं, सगळ्याला बुरशी. त्यात अशा बिल्डिंगीत बरेच फ्लॅट बाहेरच्यांचे, वर्षभर कुलूप, मीटिंगला माणसं नाहीत, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं तर वर्गणी जमत नाही. रात्री खिडक्यांत दिवे किती लागतात ते मोजून या, पर्यटक नसतात त्या दिवसांत, म्हणजे जून-जुलैत.

घ्यायचाच असेल तर आत घ्या, करंझाळ्याच्या आतल्या बाजूला किंवा ताळगावच्या पठाराकडे, जिथे वर्षभर राहणारी कुटुंबं आहेत, आणि भाड्याने द्या, शिक्षक-डॉक्टर-बँकेतले लोक त्या भागात घर शोधतच असतात. राहतं राहिलं तर घर टिकेल. समुद्र बघायला मिरामारला संध्याकाळी चालत जाता येतं. आणि तुम्ही डिचोलीचे, तिकडे घराण्याचं काही असेल तर आधी त्याचा निकाल लावा असं मला मनापासून वाटतं, भावंडं आहेत तोवर कागद सुरळीत होतात, पुढच्या पिढीत सह्या करायला माणसं वीस होतात आणि निम्मी परदेशात.

प्रश्न : पणजीजवळ प्लॉट बघतोय. एजंट म्हणतो आता ऑर्चर्ड झोन (बागायतीची जमीन) आहे पण सेटलमेंट (वस्तीची जमीन) करून मिळेल, नंतर सनद (बिगरशेती वापराची परवानगी) काढू, म्हणून स्वस्त. टोकन देऊ का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : नको. झोन बदलण्यासाठी नगर नियोजन कायद्यात जे १७(२) कलम आणलं त्याचे नियम हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केलेत, त्यामुळे "करून मिळेल" या बोलीवर पैसे देऊ नका. भातशेतीची जागा असेल तर विषयच संपला, २०२३ च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला विकताच येत नाही. आधी नगर नियोजन खात्याकडून झोनिंग सर्टिफिकेट स्वतः काढा, एजंटने दिलेली झेरॉक्स चालणार नाही. मग एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबारा) काढून कुळाच्या रकान्यात नाव आहे का बघा, जागेवर जाऊन कुणी मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा, ज्याला कायद्याचं संरक्षण असतं) राहतोय का बघा. खाडीजवळ असेल तर सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकाम-निर्बंधांची) रेषा कुठून जाते तेही. सनद विकणाऱ्याने काढायची, त्याच्या नावावर, त्याच्या खर्चाने, आणि ती हातात पडली की मग टोकनचं बोलायचं.