टीव्हीवरचा कोणता कलाकार उत्तम चित्रकार आहे हे तुम्हाला उशिरा कळलं? अशांची चित्रं खरंच चांगली असतात का?

अमोल पालेकर. फक्त त्यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे: चित्रकार आधी, नट मागाहून. जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, प्रदर्शनं केली, बँकेत नोकरी केली. 'रजनीगंधा' हा सिनेमा त्यानंतरचा, १९७४ चा. आमच्या घरात ते ठाऊक होते दूरदर्शनमुळे, 'कच्ची धूप' (१९८७) ही मालिका त्यांनीच दिग्दर्शित केलेली. चित्रांचा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाला, "सिनेमे संपले की सगळ्यांनाच ब्रश सुचतो."

रोख माझ्यावर होता. मी पणजीला आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकलो, शाळेत ड्रॉइंग शिकवतो आणि फोंड्याकडच्या आमच्या गावात जत्रेच्या नाटकात काम करतो. मामाच्या मते असला माणूस धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही.

एका वर्षी दरबाराचा पडदा मीच रंगवला. मांजरपाटाला खळ, सरसात कालवलेले पुडीचे रंग, देवळाच्या मंडपात कापड पसरून त्यावर अनवाणी फिरत काम. सरस जास्त झाला की पडदा गुंडाळताना पोपडे उडतात, कमी पडला की रंग हाताला येतो. शिवाय दिवसा झकास दिसणारा निळा रात्री पिवळ्या दिव्यांखाली हिरवट मारतो. हे मला ठाऊक, कारण त्याच दिव्यांखाली मी तोंडाला रंग फासून उभा राहिलोय. म्हणून खांबांमागचं आकाश जरा जांभळ्याकडे झुकवलं. रात्री बरोब्बर निळं दिसलं. पुढच्या रांगेतून मामा विचारतो, "पडदा बाहेरून मागवलात काय रे?" सांगितलं, तर सुपारी कातरत बसला.

नाना पाटेकरही जे.जे.च्याच उपयोजित कलेचे विद्यार्थी. हा काय उतारवयातला छंद म्हणायचा?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं: काहींची चांगली असतात, बऱ्याच जणांची नसतात. नुसत्या नावावर खपणारी रद्दी भरपूर आहे. आधी रेघ बघा, सही मागाहून. आणि घरातलं पोर नाटकातही जातंय, चित्रंही काढतंय, तर 'एक काय ते ठरव' म्हणून त्याच्या मागे लागू नका. दोन्ही एकमेकांच्या उपयोगी पडतात, मामा लोकांना कळो न कळो.

अर्थात शाळेचा पगार आहे म्हणून मी हे ऐटीत लिहितोय. त्या पडद्याचे कमिटीकडून शाल आणि नारळ मिळाले. तेवढ्यावर मामा बोलला तर ऐकून घेईन.